भोपाळहून पाऊण तास

त्या काळी देवासला विमान उतरत नसे, वरून जात असे. दुपारी भोपाळहून इंदूरला जाणारं विमान देवीच्या टेकडीच्या अंगाने आमच्या कौलांवरून जायचं. ते गेलं की बायका म्हणायच्या, चला, आता पोरं शाळेतून येतील. भोपाळहून इंदूर पाऊण तासात, याचं सगळ्या गल्लीला कोण कौतुक! मेलं आपल्याला काय त्याचं, असं मी म्हणायचे.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अखेरचं दुखणं आलं तेव्हा थोरला भाऊ भोपाळला नोकरीला होता. संस्थान गेल्यावर आबांची चाकरी गेली आणि घर भावाच्याच जिवावर चाललेलं. डॉक्टरांनी हात टेकले तशी मी तार केली. आबा डोळे मिटून पडलेले. मध्येच विचारायचे, आला का? देवघरात काशीहून आणलेला गंगेचा गडू होता, तोंड झाळून बंद केलेला. शेवटचं पाणी थोरल्याच्याच हातून घेणार, हे त्यांनी आईकडून केव्हाच कबूल करून घेतलं होतं. आईने तेच धरून ठेवलं. गडू फोडला नाही तोवर हे काही जात नाहीत, असं तिने मनाशी पक्कं केलं. शेजारचे गृहस्थ, सगळी गल्ली त्यांना भिया म्हणायची, येऊन म्हणाले, भाभी, दो बूंद डाल दो अब. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला तिचा राग येत होता आणि तिची कीवही येत होती.

भावाची उलट तार आली, विमानाने येतो. आता बघा, भोपाळहून सकाळी सुटणारी मोटर देवासवरूनच जायची. तिने त्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवलं असतं. पण साहेबाने तिकिटाची सोय केली आणि पाऊण तास म्हटल्यावर ह्याने ती मोटर सोडली. इंदूरला उतरून पुन्हा मागे यायचं आहे, हे त्या शहाण्याला सुचलं नाही. आम्हाला तरी कुठे सुचलं?

दुपारी घरघर ऐकू आली. मी अंगणात धावले. विमान टेकडीवरून सरळ इंदूरकडे निघून गेलं. आत आले तर आईचा चेहरा उजळलेला. ती आबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आला हो तुमचा लेक. आला."

आबांनी डोळे उघडले, दाराकडे बघितलं. कपाळावरची आठी गेली. एक लांब श्वास सोडला आणि पुढचा घेतलाच नाही. आई तशीच वाकलेली. मला आधी कळलंच नाही.

भाऊ आला तो दिवेलागणीला. इंदूरहून निघालेली मोटर क्षिप्रेच्या पुलाजवळ बंद पडली होती. दारातली माणसं बघूनच तो काय ते समजला. मी कसली गप्प बसते! सकाळची मोटर का सोडलीस, म्हणून सगळ्यांदेखत त्याला फाडून खाल्लं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"वरून टेकडी दिसली मला," म्हणाला. "मी हात जोडले."

माझा राग तिथेच गळाला.

मग गडू आणून झाळ फोडली. त्याने आबांच्या मिटल्या ओठांवर पाणी सोडलं. ते आत गेलं नाही, गालावरून जमिनीवर ओघळलं. आई पदराने गाल टिपत राहिली.

"त्याला बोलू नका कोणी," ती म्हणाली. "वाट बघत होते ते. मीच सांगितलं ना त्यांना, आला म्हणून."