लाकडाच्या विमानात बसण्याआधी

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या गद्र्यांच्या इमारतीत लिफ्ट बिघडली की शेजारीपाजारी कुरकुरत जिना धरतात. मीनल गद्रे मात्र तिथेच रेंगाळते. लिफ्टवाला आत डोकं घालून काय करतो, ते तिला बघायचं असतं. सांगलीच्या मराठी शाळेत बाई तिला म्हणायच्या, "मीनल, तास संपला. तुझं संपलं का?" अलेक्झांड्रा रोडवरच्या ऑफिसात अकाउंट्स सांभाळून केस पांढरे झाले, तरी तिचं काही संपलं नव्हतं.

२०१४ साली तिच्या नवऱ्याला, श्रीनिवासला, ऐन पन्नाशीत विमान चालवायचा नाद लागला. बँकेतली नोकरी सांभाळून तो दर शनिवारी समुद्रावरचा कॉजवे ओलांडून मलेशियात, जोहोरच्या बाजूच्या एका छोट्या फ्लाइंग क्लबात जाऊ लागला. वर्ष-दीड वर्षानं लायसन्स हातात पडलं, तसा घरी येऊन म्हणाला, "पहिली पॅसेंजर तू."

"विमान कशाचं आहे?"

"फ्रेंच आहे. रॉबिन."

"कुठलं नाही विचारलं. कशाचं?"

तो जरा घुटमळला. "लाकडाचं. वरून कापड."

सोफ्यावर पसरलेली लेक अनुया खिदळली. "आई, कॅन लाह! चालतं गं! पप्पा फ्लाय करतात ना त्यात."

"उडतं गं. पण कसं उडतं ते कळल्याशिवाय मी बसायची नाही."

खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती बोलून दाखवण्यासारखी नव्हती. कापडाची भीती तिला कमीच होती. भीती होती नवऱ्याच्या हट्टाची. रस्ता चुकला तरी गाडी पुढेच दामटणारा माणूस हा. वर आभाळात काही बिनसलं, तर हा थांबेल का?

तरी कुतूहल जिंकलं आणि एका शनिवारी ती त्याच्याबरोबर गेली. क्लबचे इंजिनियर मुरुगेसन हे गप्पिष्ट गृहस्थ. मीनलनं पहिला प्रश्न टाकला आणि ते हातातलं काम सोडून उठलेच.

"हे पंख टोकाकडे असे वर का मोडलेत?"

"मोडलेले नाहीत, मॅडम, तसेच घडवलेत. मधला भाग सरळ, म्हणून बांधायला सोपा. टोकं वर, म्हणून विमान कलंडलं तर आपणहून सावरतं."

मग त्यांनी सगळी कुळकथाच सांगितली. महायुद्ध संपलं तेव्हा फ्रान्समध्ये हौशी लोकांना परवडेल असं विमान नव्हतं. एका छोट्या कारखान्यात लाकूड आणि कापड वापरून एकाच माणसाचं चिमुकलं विमान बांधलं, ते नीट उडालं. तिथल्या सरकारला क्लबांमधून वैमानिक तयार करायचे होते, म्हणून शिकवणारा आणि शिकणारा शेजारी बसतील असं दोघांचं केलं. पुढे दुसऱ्या कंपनीनं तोच पंख घेऊन चौघांचं केलं, सहलीला जाण्याजोगं. शेपटीखालचं चाक नाकाखाली आणलं, कारण नवशिके उतरताना भेलकांडत. काचेचं छप्परही पुढे सरकणारं झालं.

"म्हणजे लेकराचं झबलं वाढवत वाढवत शर्ट केला," मीनल म्हणाली.

मुरुगेसन मनापासून हसले. तिनं पंखावर बोट टेकवलं. ताणून बसवलेलं कापड डफासारखं वाजलं. एकदम कुणी शहाण्यानं हे केलं नव्हतं. चुकतमाकत, सुधारत केलं होतं. त्यानं तिला बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी ती पिशवीत हळदकुंकू आणि अक्षता घेऊन आली. श्रीनिवासनं विमानाभोवती फिरून सगळं तपासलं, नळ्या-भोकांवरच्या झाकणटोप्या काढल्या आणि तो सही करायला ऑफिसात गेला. तेवढ्यात तिनं पूजा उरकली. नवीन गाडीला लावतात तसं नाकाला कुंकू लावलं, चाकांना लावलं. डाव्या पंखाखाली पुढे आलेली एक बारीक नळी दिसली. पंखापेक्षाही तीच पुढे, म्हणून तिच्या तोंडाला तर ओलं कुंकू आणि अक्षता चांगल्या दाबून लावल्या. हात जोडले आणि पंखावर पाय देऊन आत जाऊन बसली.

धावपट्टीवर विमान सुसाट निघालं. खडखडाट, थरथर. मीनल मनात अथर्वशीर्ष म्हणत होती.

"काटा हलत नाही," श्रीनिवास म्हणाला.

"कसला?"

त्यानं इंजिनाचा आवाज खाली आणला, ब्रेक दाबले. समोर निम्मी धावपट्टी मोकळी पडली होती. वळवून तो विमान परत घेऊन आला.

मुरुगेसन नळीत डोकावले. "माझ्या विमानाला भात कुणी भरवला?"

मीनलचा चेहरा कुंकवासारखाच झाला. वारा त्या नळीतून आत जातो आणि त्यावरून काटा वेग दाखवतो, हे तेव्हा तिला समजलं.

"मग फुंकर मारून काढा ना!"

"पुढून फुंकलं तर आतलं यंत्र बिघडेल, मॅडम. मागून नळी सोडवून साफ करावी लागेल. आज उडणं नाही."

परतीच्या बसमध्ये श्रीनिवास खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुझा पहिला दिवस वाया गेला."

"वाया मी घालवला. पण तुम्ही थांबलात हो."

"थांबणारच. काटा हलला नाही तर थांबायचं. तसंच शिकवलंय."

"समोर एवढा रस्ता होता. पुढे जावंसं नाही वाटलं?"

"वाटलं ना," तो म्हणाला.

मीनल पदर सावरत म्हणाली, "पुढच्या शनिवारी येते मी. बसते." आणि त्याला काही बोलू न देताच विचारलं, "पण काय हो, काट्याशिवाय नुसतं अंगाला वेग कळतो का?"

इमिग्रेशनच्या रांगेत शिरेपर्यंत तो तिला तेच समजावत होता.