महिपतचा माळा

कामावरून आला की पाय धुवायच्या आधी महिपत ओल्या पंजाने ओट्याचा काळा कडप्पा पुसायचा आणि त्यात स्वतःचं तोंड पाहत बायकोला म्हणायचा, "बघ गो रखमे, आरसा कशाला लागतो आपल्याला?"

मुरबाडला ओट्यांचे दगड कापणाऱ्या एका दुकानात तो पॉलिशला होता. तिथले टाकाऊ तुकडे तो एसटीच्या टपावरून गावी, वैशाखऱ्याला आणायचा. खिडकीचा उंबरा, देवाचा कोनाडा, न्हाणीतला बसायचा दगड, तुळशीचा कट्टा, सगळं कडप्प्याचं. भिंती मात्र कच्च्या विटांच्या, मातीत रचलेल्या.

रखमीला धास्ती होती ती माळ्याची. एक लांब लादी महिपतने खाटेच्या बरोबर वर, दोन भिंतींवर टेकवली होती. तिच्यावर भाताची पोती. घाटाकडे ट्रक निघाला की लादीच्या कडेने माती झरायची.

"आवो, ती भिंतीत नीट शिरलीच नाय."

"दगड हाय तो. पाखरू नाय उडायला."

श्रावणात लेक मीना बाळंतपणाला आली. तिथे वारा लागत नाही म्हणून महिपतने तिला त्याच खाटेवर निजवलं. पोर झालं, आणि रखमी उठता-बसता वरच्या लादीकडे बघू लागली. पाऊस थांबत नव्हता. एका दुपारी तिने भिंतीला हात लावला, तर बोट आत रुतलं. बाळाच्या दुपट्यावर मूठभर माती पडली होती. तिने बाळ उचललं आणि मीनाला हाताला धरून पडवीत आणलं.

"आये, बाळंतिणीला गुरांशेजारी निजवतेस व्हय?"

पावसामुळे घरीच असलेला महिपत लालबुंद झाला. "लेकीसमोर माझ्या कामाला नावं ठेवतेस? मीच निजतो तिथं, बघ."

तो खाटेवर आडवा झाला. रखमीने हात जोडले, पाया पडते म्हणाली. त्याने कूस वळवली. त्याला बाहेर काढायचं कसं, तेवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. ती पडवीतल्या चुलीकडे धावली आणि तिथूनच ओरडली, "चहा ठेवलाय, पडवीत येऊन घ्या!"

आतून उत्तर आलं. आधणाला उकळी फुटायच्या आधी लादी खाली आली.

तेराव्यापर्यंत बाया येत राहिल्या. शेवटी काय बोलला, म्हणून विचारत राहिल्या. रखमी भिंतीला पाठ न टेकता बसायची आणि सांगायची,

"म्हणले, इथंच आण गो. साखर जरा जास्त घाल."