शुक्रवारची पाळत

निवृत्त झाल्यावर मी म्हसळ्याजवळ भावाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहायला आले. तेव्हापासून गावातल्या बायका मला एकच विचारतात, "परदेशात इतकी वर्षं काय करत होतीस गं?" मी सांगते, वकिलातीत टायपिंग. ते खोटं नाही. फक्त आखातातल्या त्या बंदरात मी ज्या ऑफिसात टायपिंग करायचे, त्याच्या दारावर पाटी नव्हती. वकिलातीच्या वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला, एका लोखंडी दाराआड आम्ही हेरखात्याची चार-पाच माणसं बसायचो. आपसात त्याला आम्ही 'स्टेशन' म्हणायचो. आईशी फोनवर बोलताना एकदा तोंडातून निघून गेलं की आज स्टेशनात उशीर झाला, तर ती म्हणाली, "म्हणजे तिथंही रेल्वेतच लावलंय का तुला?"

आमचे साहेब नागपूरकडचे. कमी बोलायचे, चहा मात्र भरपूर प्यायचे, आणि माझ्या टाइप केलेल्या मजकुरातली विशेषणं पेन्सिलीनं खोडायचे. "माणूस 'संशयास्पद' आहे असं लिहू नका," ते म्हणायचे. "त्यानं काय केलं ते लिहा. संशय वाचणाऱ्याला येऊ द्या."

असाच एक संशय दिल्लीहून आमच्याकडे आला. गलबतांच्या धक्क्याजवळ बोटींच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा एक माणूस. आपलाच नागरिक, श्रीवर्धनच्या बाजूचा. त्याच्या घरी अनोळखी पुरुष येऊन राहतात, काही दिवसांनी नाहीसे होतात, आणि त्याच सुमाराला एखादं गलबत कोकणाच्या दिशेनं सुटतं. हे कोण लोक, कशासाठी जातात, याचा छडा लावा, असा निरोप होता. आमच्या किनाऱ्यावर एकदा समुद्रातून चोरून स्फोटकं उतरवली गेली होती. त्या दिवसांत पोलीस घरोघरी येऊन चौकशा करत होते, ते मला लख्ख आठवत होतं. त्यामुळे तो निरोप मी दोनदा वाचला.

साहेबांनी आधी दोन जणांना गाडीत बसवून दुकानासमोर पाठवलं. तिथलं ऊन असं की गाडीचं दार हातानं उघडवत नाही. हे दोघं वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुकानदार स्वतःच रस्ता ओलांडून आला आणि त्यानं गाडीच्या काचेवर टकटक केलं. हातात चहाचे दोन ग्लास. म्हणाला, "आत येऊन बसा की. पंखा हाय."

दोघांनी परत येऊन हे मान खाली घालून सांगितलं. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते, म्हणजे हसत असावेत. मग वळून मला म्हणाले, "तुमचं गाव कुठलं म्हणालात?"

पुरुषाला त्या घराच्या ओसरीपलीकडे जाता येणार नव्हतं. बाईला स्वयंपाकघरापर्यंत जाता आलं असतं. त्यातून मी त्याच मुलखातली, तीच बोली बोलणारी. त्या माणसाच्या बायकोचा पासपोर्ट नूतनीकरणाला आला होता. तो घ्यायला ती येईल त्या दिवशी मला खाली खिडकीवर बसवायचं ठरलं. खोटं नाव, खोटं गाव काही नको, असं साहेबांनी बजावलं. "जितकं कमी खोटं बोलाल तितकं कमी लक्षात ठेवावं लागेल."

ती आली. जाडसर, गोरी, कपाळावर घाम, डोक्यावरची ओढणी सारखी घसरत होती. खिडकीवरच्या माणसाशी मोडक्या हिंदीत बोलत होती आणि तो तिला घाई करत होता. मी पुढे झाले आणि म्हटलं, "चाची, सही हितं करा."

तिनं कागदावरून मान वर केली. "कुटची गं तू?"

"म्हसळ्याजवळची."

"अगं बाय! म्हसळ्याची!" तिनं खिडकीतून हात आत घालून माझं मनगटच धरलं. मागं रांग खोळंबली होती, पण तिनं सोडलं नाही. आमच्या गावची भातशेती तिला ठाऊक होती, कारण तिच्या माहेरी तांदूळ आमच्याच बाजूनं यायचा. "शुक्रवारी जेवायला ये," ती म्हणाली. "येशील ना? का लाजशील?"

अशी माझी पाळत सुरू झाली.

धक्क्यामागच्या गल्लीत तीन खोल्यांचं घर होतं. पहिल्या शुक्रवारी मी गेले. दार उघडताच नारळाच्या दुधाचा आणि तळलेल्या सुरमईचा वास आला, आणि मी तिथंच उंबऱ्यात थांबले. परदेशात येऊन मला दीड वर्ष झालं होतं. खोलीत गॅसवर खिचडी आणि अंडं यापलीकडे मी काही केलं नव्हतं. चाचीनं सांदणं वाढली. तांदळाची ती वाफवलेली गोड वडी मी लहानपणी एकदाच, ईदला, आईच्या ओळखीच्या घरी खाल्ली होती. मी किती खाल्ली ते अहवालात लिहिलं नाही.

चाचा, म्हणजे तो दुकानदार, उंच, वाकलेले, नखांत कायमचं इंजिनाचं तेल. ते जेवणानंतर दाराशी येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "बेटी, दिघीचा धक्का आता कसा हाय? आगरदांड्यावरनं गाड्या घेऊन जाते म्हणे बोट?" मला माहीत असेल ते मी सांगायचे. ते डोळे मिटून ऐकायचे.

शनिवारी सकाळी मी साहेबांना सगळं सांगायचे. दारात कोणत्या चपला होत्या, मागच्या खोलीचं दार बंद होतं की उघडं, चाचीनं भात किती माणसांचा टाकला होता. भात आम्हा तिघांपुरता कधीच नसायचा. साहेब विचारायचे, "आतले लोक बोलतात कसे? बोली कुठली?" मी सांगायचे, अजून आवाज ऐकला नाही. शनिवारची ही उजळणी मला जड जायची. पण शुक्रवारची वाट मी बुधवारपासून बघायला लागले होते, हेही खरं.

एका शुक्रवारी मागच्या खोलीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. थांबेचना. चाची पातेलं घेऊन निघाली. तिच्या दोन्ही हातांत सामान होतं, म्हणून मी दार ढकललं.

खाली चटईवर चाळिशीचा एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. पाठीला उशी, डोळे खोल गेलेले. शेजारी आणखी दोघं. मला बघून तिघंही घाबरून भिंतीकडे सरकले. चाची म्हणाली, "बसा, बसा. आपलीच हाय." आणि त्या आजाऱ्याला पेज भरवायला लागली.

तो रोह्याच्या आतल्या बाजूचा निघाला. बांधकामावर आला होता. त्याचा पासपोर्ट मालकाच्या, तिकडे ज्याला कफील म्हणतात त्याच्या, कपाटात. मालक मारायचा, म्हणून पळाला. पळालेल्या माणसाला तिकडे नोकरी नाही, दवाखाना नाही, आणि पकडला तर तुरुंग. माझ्याशी बोलता बोलता तो म्हणाला, "ताई, भात लावणीला आला आसंल ना आता?" मी नुसती मान हलवली.

बाहेर आल्यावर चाचीनं पातेलं घासायला घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गलबतावरनं जातो तो, पुढच्या आठवड्यात. तिकडं आपल्या किनाऱ्याजवळ मच्छीमारांच्या होडीत उतरवतात. आता सांग जाऊन तुझ्या साहेबाला."

मी हातातली ताटली खाली ठेवली. "तुम्हांला ठाऊक होतं?"

"पयल्या दिवसापासनं. आधी दोन माणसं उन्हात भाजत बसली, मग म्हसळ्याची पोर आली. आमी काय दूधखुळे हाव व्हय?"

"मग मला घरात कशाला घेतलंत?"

ती हसली नाही. "जेवायला बोलावलं ते मी बोलावलं. त्यात काय न्हाय. पन हे बोलले, येऊ दे तिला. बघू दे. बघेल ते वर सांगेल. आमचं तर कुनी ऐकत न्हाय."

त्या माणसांना घेऊन चाचा कितीतरी वेळा वकिलातीच्या खिडकीवर गेले होते आणि नकार घेऊन परत आले होते. त्याच खिडकीवर, जिथं मी चाचीला भेटले.

शनिवारी मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं, साहेबांचा जीव भांड्यात पडेल. ते कपाळ चोळत बसले.

"मजूर आहेत साहेब, दुसरं काही नाही."

"तुम्हांला हायसं वाटलं. मला नाही वाटलं," ते म्हणाले. "ज्या वाटेनं बिनकागदाचा मजूर उतरतो, त्याच वाटेनं उद्या दुसरा कुणी उतरेल. तुमच्याच गावाजवळ. मग काय म्हणाल?"

त्यांचंही चूक नव्हतं. त्यांनी कोट चढवला आणि म्हणाले, "चला. दुकान दाखवा."

असं करायची पद्धत नव्हती. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्या दुकानात स्टेशनचा प्रमुख जाऊन बसत नाही. साहेब जाऊन पंख्याखाली बसले. चाचांची बोली त्यांना नीट कळत नव्हती, म्हणून मी मधे उभी.

"तुम्ही हे गलबताचं बंद करा," साहेब म्हणाले.

"करतो. आत्ता करतो," चाचा म्हणाले. "तुमी कागद द्या. तुमचा मानूस म्हनतो, कफीलचं पत्र आना. कफील पत्र देनारा असता तर मानूस पळाला कशाला असता?"

साहेबांनी ते मान्य केल्यासारखी मान हलवली. मग विचारलं, "तुमच्याकडे येणारा माणूस खरा मजूरच आहे, हे तुम्हांला कसं कळतं?"

"बोलायला लावतो. गाव विचारतो, घर विचारतो."

"आणि तो लबाड असला तर?"

चाचांनी हातातला बोल्ट खाली ठेवला. "तेवढं मला न्हाय कळत साहेब."

"मग तेवढं आम्ही बघतो," साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून गलबतं थांबली. चाचांच्या घरी कुणी आला की मी शुक्रवारी त्याच्याशी बोलायचे. तो सांगेल त्या गावाची चौकशी इकडून, भारतातून, व्हायची, आणि खरा निघाला तर साहेब खालच्या मजल्यावर जाऊन त्याच्या आऊटपासच्या मागे लागायचे. आऊटपास म्हणजे पासपोर्टाविना एकदाच घरी परतायचा कागद. खालचे लोक कुरकुरायचे. सगळ्यांना तो मिळाला असं नाही. पेणकडचा एक जण कागद हातात यायच्या आदल्या आठवड्यात बाजारात पकडला गेला आणि कितीतरी महिने तुरुंगात राहिला. चाची तेव्हा दोन शुक्रवार माझ्याशी धड बोलली नव्हती. आणि एक जण खरंच लबाड निघाला. तो मजूर नव्हता, कुणाला तरी भोसकून पळालेला होता. चाचांनी त्याला आपल्या ताटात जेवू घातलं होतं. ते ऐकून ते आतल्या खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

रोह्याचा माणूस मात्र विमानानं गेला. विमानतळावर त्यानं चाचांच्या पायाला हात लावला. चाचा मागं सरकले आणि त्याला मिठीच मारली.

दिल्लीहून विचारणा झाली, पाळतीचं काय? मला वाटलं, साहेब आता प्रकरण मिटवणार. त्यांनी मला सांगितलं, "लिहा, पाळत चालू आहे."

"पण साहेब, आता..."

"मिटवलं तर तुम्हांला शुक्रवारी तिकडे कोणत्या कामानं पाठवू?"

'पाळत चालू आहे' या तीन शब्दांवर पुढची दोन वर्षं निघाली. सरकारी कामानं मी शुक्रवारी जेवायला जायचे. चाचीनं मला कोलंबीचं कालवण शिकवलं, मी तिला पासपोर्टावरच्या सहीपुरतं आपलं नाव नीट लिहायला शिकवलं. दुपारी गल्ली शांत व्हायची, चाचा नमाजाहून येऊन पंख्याखाली आडवे व्हायचे, आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून गावाकडच्या माणसांबद्दल बोलायचो. तिच्या ओळखीची माणसं मला ठाऊक नसायची आणि माझी तिला. तरी बोलणं संपायचं नाही. नोकरीत पुढे मी आणखी तीन देश पाहिले. तिथं घरं मोठी मिळाली, पगार वाढला. पण शुक्रवार आला की तिथं तो नुसता शुक्रवार असायचा.

माझी बदली झाली तेव्हा चाचीनं विचारलं, "आता दुसरी कुनी येनार पाळतीला?" मी म्हटलं, माहीत नाही. "आली तर जेवूनच पाठवीन," ती म्हणाली आणि ओढणीनं डोळे पुसत आत गेली. मी तिच्यामागे गेले नाही. तिला ते आवडलं नसतं.

साहेबांचीही बदली झाली. काही वर्षांनी चाचांचा तिथला परवाना वाढवून मिळाला नाही आणि दोघं गावी परतली. हे मला उशिरा, श्रीवर्धनच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईकडून कळलं. दुसऱ्याच दिवशी मी घर शोधत गेले. चाचा गेले होते. शेवटची वर्षं त्यांनी दिघीला मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात घालवली, चाची म्हणाली. खाडीकडे तोंड करून बसायचे आणि खूश असायचे. रोह्याहून दर वर्षी कुणी ना कुणी भेटायला यायचं.

तिचे गुडघे आता वाकत नाहीत. खुर्चीत बसून ती सुनेला हुकूम सोडते. मला बघून पहिल्यांदा तिनं ओळखलं नाही. मग मी तिच्याच बोलीत बोलले आणि तिनं मनगट धरलं.

"लग्न केलंस का गं?"

"नाही चाची."

"बरं केलंस. बस." मग सुनेकडे वळून म्हणाली, "ही मोठी सरकारी बाई हाय. हिला तिकट चालतं. जास्त घाल."

आता मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जाते. बस कधी वेळेवर येत नाही, म्हणून सकाळीच निघते. मागच्या खेपेला तिला ऐकू जरा कमी येत होतं. आम्ही दोघी मोठ्यानं बोलत होतो, इतकं की शेजारच्या अंगणातली बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. चाचीनं तिलाही आत बोलावलं.