वरच राहिलेला गडी

लातूरहून निलंग्याला जाणाऱ्या एसटीत एक अनोळखी बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर नव्या मिक्सरचा खोका होता आणि खड्डा आला की ती त्यावर तळहात दाबून धरायची.

मी लॅपटॉपवर अंतराळयानाचा खेळ खेळत होतो. शक्य तितक्या हलक्या यानातून दोन ग्रहांवर उतरवून माणूस जिवंत परत आणायचा, असा चंग मी बांधला होता. त्यापायी यानाची केबिनसुद्धा काढून टाकली होती. गडी उघड्या खुर्चीवर बसून निघाला होता.

"पडंल की हो त्यो!" ती म्हणाली.

"नाही पडत, मावशी. वजन वाचवलंय."

दुसऱ्या ग्रहावर यान टेकताना तिनं खोका घट्ट दाबला. मग आम्ही पृथ्वीजवळ परतलो.

"आता पॅराशूटनं अलगद खाली," असं ऐटीत म्हणून मी बटण शोधू लागलो. ते सापडेना. वजन वाचवताना पॅराशूटही मीच काढलं होतं.

"हलकं करायच्या नादात उतरायचंच काढलं की भाऊ तुम्ही," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

मी सगळं पुसून नव्यानं सुरू करणार, तेवढ्यात निलंगा आलं. खोका छातीशी धरून ती उठली. "उगं घाई करू नका. काही सुचंपर्यंत फिरू द्या त्याला वरच."

ती कोण, कुठली, मी विचारलं नाही. गडी मात्र अजून वरच फिरतोय. पुन्हा कधी एसटीत भेटली, तर ती आधी त्याचीच खुशाली विचारेल.