दत्ताचं जपान आणि गोकुळ रोडचा डबा

आमचा दत्ता कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी पालथी करतो. कप, टॉर्च, इस्त्री, पाहुण्यांनी आणलेला थर्मास, काहीही. खाली कुठल्या देशाचं नाव आहे ते वाचतो आणि मग ठरवतो, या वस्तूशी संबंध ठेवायचे की नाही. माझा पाठचा भाऊ आहे, म्हणून बिनधास्त सांगते. मार्केटात त्याला दत्तूअण्णा म्हणतात, हुबळीत लॅमिंग्टन रोडला स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, लोक मान देतात. मी देत नाही.

अर्चनाला बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट ऐका. मुलगी चहा घेऊन आली, मान खाली घालून उभी राहिली. यानं चहा बशीत ओतला, फुर्र करून प्यायला, बशी उलटी केली आणि तिच्या वडिलांना म्हणाला, "जपानची आहे. छलो आहे, झकास." अर्चना अजून म्हणते, "वन्सं, त्या दिवशी पसंत बशी झाली. मी तिच्याबरोबर आले."

हा माणूस आयुष्यात बेळगावच्या पुढं गेलेला नाही बरं का! पण जपान म्हटलं की चेहरा माहेरी निघालेल्या सुनेसारखा होतो. त्याच्या दुकानातली भांडी मात्र झाडून सगळी इथलीच. विचारलं तर म्हणतो, "अक्का, पातेल्याला सूर कुठं असतो?"

सूर हे त्याचं दुसरं वेड. गातो चांगला, खोटं कशाला बोलू. दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या देशपांडे नगरच्या मंडपात बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून वाटून झाली की याचं भजन ठरलेलं. साथीला कीबोर्ड. आमचे हे मस्कतला होते तेव्हा त्यांनी आणलेला, पुढं ठळक अक्षरात जपानी कंपनीचं नाव, म्हणून तेवढा एक यानं पालथा केला नाही. आल्या आल्या दत्तानं सुतार बोलावला आणि तो सागवानी फळीवर स्क्रूनं पक्का बसवून घेतला, गाताना हलायला नको म्हणून. मग करतो काय, तर 'सा' आणि 'प'च्या पट्टीत आगकाडी खोचतो. पट्टी दाबलेलीच राहते, आवाज लांबत राहतो. झाला तानपुरा!

मी म्हटलं, "अरे, तानपुऱ्याचे डबे मिळतात की आता. बटण दाबलं की वाजतात."

"ते इथं बनवतात, अक्का. जपान्यांनी केलाय का तसला डबा? नाही केला. म्हणजे त्याची गरज नसणार."

आणि अशा माणसाच्या पोटी भार्गवी! पोरगी इंजिनियर झाली, श्रीलक्ष्मी नावाच्या मैत्रिणीबरोबर गोकुळ रोडला एक शेड घेतली, आणि तिथं काय बनवायला लागली? तानपुऱ्याचे डबे. देव पण माझ्यासारखाच टवाळ आहे.

पाडव्याला तिनं पहिला डबा घरी आणला. दत्ता गायला बसला. सुरुवात झकास झाली. मग डबा तापला आणि त्याचा सा हळूहळू खाली यायला लागला, गुडघे दुखणारी बाई जिना उतरते तसा. दत्ता गायचा थांबला. डबा पालथा केला. खाली पोरीनं हौसेनं लिहिलं होतं, 'हुबळी'.

"तरीच," म्हणाला.

तेवढंच. पण पोर त्या दिवशी पुरणपोळीला शिवली नाही.

मग दोघींनी कंबर कसली. आतलं काय काय बदललं, ते मला विचारू नका, मला फ्यूज पण बदलता येत नाही. पण पुढं प्रत्येक डबा भर दुपारी शेडच्या पत्र्याजवळ ठेवायचा, तापून भाजून निघाला पाहिजे, आणि दोघींनी आळीपाळीनं कान लावून बसायचं, सा हलतो का बघत. दहा-दहा डबे एकदम गुंईऽऽ करायचे. शेजारचा वेल्डर घाबरून विचारायला आला, "अक्का, आत मधमाश्या पाळल्यात का?"

डबा सुधारला, पण दत्ता त्याला हात लावेना. नवरात्र आलं, आणि भार्गवी माझ्याकडं येऊन बसली.

"आत्या, बंगळूरची नोकरी चालून आलीय. दसरा झाला की सांगायचंय. अप्पा या वर्षी माझ्या डब्यावर गायले तर मी इथंच राहते. नाहीतर शेड बंद. घरच्याच माणसाला जो नको, तो मी दुसऱ्याच्या गळ्यात कसा मारू?"

"अप्पाला सांगितलंस हे?"

"सांगितलं. म्हणाले, बघू."

दत्ताचं 'बघू' म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी घरातली सगळी आयुधं पूजेला मांडायची, आणि एकदा मांडली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. बाकीचे लोक फुलानं दोन थेंब पाणी शिंपडतात. आमच्या दत्ताची भक्ती ओली. दुकानाचा तराजू, स्कूटर, मिक्सर, टीव्हीचा रिमोट, सगळ्यांना आंघोळ. मधोमध पाटावर जपानसाहेब. त्यांना हळद, कुंकू, झेंडूची माळ, आणि जास्त प्रेमाचं म्हणून पळी पळी पाणी.

भार्गवी आपला डबा घेऊन आली. "अप्पा, हा पण ठेवा."

"तो काय आयुध आहे? आधी सिद्ध होऊ दे."

पोरीनं डबा फ्रिजवर ठेवला आणि आत गेली. अर्चनानं आरतीचं ताट असं आपटलं की कापूर उडाला.

दसऱ्याच्या संध्याकाळी दत्ता टोपी घालून, अत्तर लावून तयार. पूजा उतरवली, कीबोर्ड पुसला, आगकाड्या खोचल्या, बटण दाबलं.

यप्पा! तो कीबोर्ड जो सुटला! आधी कोंबड्यासारखा आरवला. मग आपोआप ढोल सुरू झाले. मग कंपनीनं आत भरून दिलेलं ते नमुन्याचं गाणं, लग्नाच्या वरातीसारखं, फुल आवाजात. दत्तानं काड्या उपसल्या तरी बंद होईना. "अगं थांबवा त्याला!" म्हणून ओरडतोय, आणि मी, काय करू, नाचले! शेवटी अर्चनानं पिन ओढली. कीबोर्ड तिरका केला तर आतून लालभडक कुंकवाचं पाणी.

"पाणी निथळू दे, फळी काढा," मी म्हटलं. भार्गवीनं स्क्रू काढले, सागवानी फळी बाजूला झाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या कीबोर्डचं पोट दिसलं. सवयच ती! दत्ता वाकला.

"चष्मा आण गं."

चष्मा आला.

"म... ले... शि... या."

मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला.

"भावजी जपान म्हणाले होते!"

"कंपनी जपानचीच रे बाबा," मी म्हटलं. "कारखाना तिकडं."

"म्हणजे मी इतकी वर्षं मलेशियावर गातोय?"

"मग? बेसूर झालास का कधी?"

दत्ता पाटावरच बसला. बाहेरून मंडळाच्या लोकांच्या हाका, "अण्णा, बर्री, या लवकर! बन्नी वाटून झाली!" अर्चनानं फ्रिजवरचा डबा काढला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. पूजेत जागा मिळाली नव्हती म्हणून घरात तेवढाच एक कोरडा. मिक्सरसुद्धा दुसऱ्या दिवशी गचकला, पण ते राहू दे.

"आई, जबरदस्ती नको," भार्गवी दारातून म्हणाली.

दत्तानं डबा पालथा केला. 'हुबळी' तसंच होतं. पोरीनं पुसलं नव्हतं.

"आत काय आहे?"

"चिप तैवानची, स्पीकर दिल्लीचा, बटणं चीनची, खोकं धारवाडच्या सुताराचं."

"मग यात हुबळीचं काय?"

"कान, अप्पा. माझे आणि श्रीलक्ष्मीचे. आणि तुमचे. पाडव्याला तुम्ही जिथं थांबलात ना, तिथंच बसून दुरुस्त केलाय."

दत्तानं टोपी काढली, परत घातली. "मंडपात हॅलोजन आहेत. तापला आणि घसरला तर?"

"तर सोमवारी मी बंगळूरला."

डबा काखेत मारून दत्ता निघाला. मंडपात हॅलोजन असे की वडे तळून निघावेत. दत्ता गायला लागला, पण डोळे डब्यावर, उतू जाणाऱ्या दुधाकडं बघावं तसे. पोर खांबाला धरून उभी. पहिलं भजन संपलं, डब्याचा सा जागचा हलला नाही. दुसरं झालं. तिसऱ्याला दत्ताचे डोळे मिटले, आणि मग तो जो सुटला, तो मघाच्या कीबोर्डसारखाच, पिन ओढायला कुणी नाही! प्रसादाचा शिरा गार झाला. म्हातारे घड्याळ बघायला लागले. मंडळाचा सेक्रेटरी हात जोडून म्हणाला, "अण्णा, साकु, पुरे आता, लोकांना भूक लागलीय." तेव्हा थांबला.

खिशातून बन्नीचं पान काढलं आणि भार्गवीच्या हातावर ठेवलं. "बन्नी तगोंडु बंगारधांग इरोण," म्हणाला, सोन्यासारखं राहूया. दरवर्षी सगळ्या गावाला म्हणतो. पण या वेळी आवाज फुटला जरासा. मी लगेच म्हटलं, "काय गं भार्गवी, पान उलटं करून बघ, कुठलं आहे ते!" नाहीतर आम्ही तिघंही रडलो असतो.

सोमवारी बंगळूरचा फोन आला तेव्हा भार्गवी आंघोळीला गेली होती. फोन दत्तानं उचलला.

"ती येत नाही," म्हणाला. "पण तुमच्या ऑफिसात कुणी गाणारं आहे का? एक डबा पाठवतो. ओरिजिनल हुबळीचा आहे."