कौसाचं सूप आणि आमचं इंजिन

आमच्या ट्रकचं इंजिन वाजायला लागलं होतं आणि ही गोष्ट जिंतूर तालुक्यात सगळ्यांना माहीत होती. मला सोडून.

(मला ऐकू येत नाही. हे आत्ताच सांगून टाकतो, पुढं लाज वाटेल. आधी डावा कान गेला, मग उजवा त्याच्या मागं गेला. चाळीस वर्षं इंजिनाला मांडी लावून बसलो, त्याची ही बक्षिसी.)

घरात एवढंच माहीत होतं की म्हाताऱ्याशी जरा मोठ्यानं बोलावं लागतं. तोंडाकडं बघून मला बरंच समजायचं. आणि मी स्वतःच इतकं बोलायचो की दुसऱ्याचं ऐकायची पाळी फारशी यायची नाही. त्यामुळं दहा वर्षं निभलं.

पण खरी पंचाईत वेगळी होती. आमच्या भागात माझं नाव होतं. कशात? तर इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगण्यात! लोक लांबून ट्रक आणायचे, ट्रॅक्टर आणायचे. एकानं पिठाची गिरणी बैलगाडीत घालून आणली होती. मी लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचो, टोक इंजिनाला टेकवायचो, मूठ कानाला लावायचो आणि डोळे मिटायचो. लोक श्वास रोखून उभे राहायचे. "उस्तादाला माणसाचं ऐकू येत न्हाई, इंजिनाचं येतं," असं म्हणायचे. यातलं पहिलं अर्धं खरं होतं.

डोळे मी पुरते मिटत नव्हतो. एक डोळा किलकिला ठेवून उंबऱ्याकडं बघायचो. तिथं माझी बायको कौसा सूप घेऊन बसलेली असायची.

लग्न झाल्यावर चार-पाच वर्षं ती माझ्यासोबत गाडीवर फिरली होती. कापसाचा हंगाम असला की गाडीतच संसार. रस्त्यात करमणूक काय, म्हणून मी तिला आवाज शिकवले. हे टकटक म्हणजे टापेट, वरचं किरकोळ दुखणं, सेट केलं की भागतं. हा जड ठोका म्हणजे बेरिंग, आतलं मोठं दुखणं. पुढं माझे कान गेले, तिचे राहिले. मग आमचं ठरलं. तिनं सुपाला एक टिचकी मारली तर टापेट. दोन मारल्या तर बेरिंग. सूप पालथं घातलं तर इंजिन खोला, दुसरा इलाज नाही. आणि ती नुसतीच पाखडत राहिली तर गाडीला काही झालेलं नाही, गिऱ्हाइकाला चहा पाजा आणि वाटेला लावा.

दहा वर्षांत तिचं एकदाही चुकलं नाही. नाव माझं झालं.

मागच्या पोळ्याच्या आधी कौसा गेली. दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी ती नव्हती. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. गाडीचं लिहायला बसलोय.

सूप खुंटीला राहिलं, पण गाड्या येतच राहिल्या. मी कुणाला सांगितलं डोळे आलेत, कुणाला सांगितलं आज उपास आहे. (उपासाचा आणि कानाचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. नुकती बायको गेलेल्या माणसाला लोक फार खोदून विचारत नाहीत.)

अशात आमचाच ट्रक वाजायला लागला. माझा पोरगा बाळू तो चालवतो. सोयाबीन निघालं होतं, पाठोपाठ कापूस येणार. वर्षभराची कमाई त्या तीन महिन्यांत. त्यात गाडी बंद पडली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जातं, ते पुन्हा येत नाही. बाळूनं परभणीहून इसाकभाई मिस्त्रीला घरी बोलावलं. इसाकभाईंनी इंजिन चालू केलं, पाच मिनिटं ऐकलं आणि बंद केलं.

"दोनच रस्ते हायत," ते म्हणाले. "एक तर पूर्ण खोलू, सिलिंडर बोर करू, नवं सामान टाकू. पंधरा दिवस गाडी उभी. न्हाईतर एका पलटी झालेल्या गाडीचं चांगलं इंजिन माझ्याकडं आलंय. ते टाकू, चार दिवसांत मोकळे."

"तुमाला काय वाटतं?" बाळूनं विचारलं.

"घरात उस्ताद असताना मला काय इचारता? ते सांगतील ते करू."

आणि दोघं माझ्याकडं बघायला लागले.

आता खरं सांगून टाकायला हवं होतं. मला ऐकू येत नाही, आजवर सगळं तुझी माय सांगत होती, तू आणि इसाकभाई ठरवा. तीन वाक्यांचं काम. पण सुपाची गोष्ट आम्हा दोघांचीच होती. ती सांगितली की माझं नाव जाणार, आणि आमच्या दोघांचं म्हणून जे काही उरलं होतं तेही सगळ्यांचं होणार. मी म्हणलं, "सकाळी ऐकतो. सकाळच्या गार इंजिनाचा आवाज खरा असतो."

सकाळी उठलो, खुंटीवरचं सूप काढलं आणि सुनेच्या हातात दिलं. सूनबाईचं नाव सुनीता. तिचे कान इतके तिखट आहेत की पलीकडच्या गल्लीतलं भांडण ती इथं चुलीपुढं बसून मिटवते.

"उंबऱ्यात बस अन् पाखड," मी म्हणलं.

"काय पाखडू, मामा? डाळ तर कालच निवडली."

"निवडलेली पाखड."

"अन् का?"

"मी सांगतो म्हणून."

ती बाळूकडं बघून काहीतरी बोलली. ते मला समजलं नाही, पण बाळूनं खाली बघितलं, त्यावरून अंदाज आला. पण बसली बिचारी.

माझा हिशोब साधा होता. तिला खुणा माहीत नव्हत्या हे कबूल. पण बाईमाणूस आवाज ऐकून दचकतं, तोंड वाकडं करतं, काहीतरी करतंच. कमी-जास्त वाजत असेल तर तिच्या हातावरून मला कळेल. (आज लिहिताना हे वाचून मलाच माझी काळजी वाटायला लागली आहे.)

बाळूनं इंजिन चालू केलं. मी पेचकस लावला, डोळे मिटले, एक किलकिला ठेवला. पेचकस थरथरायला लागला. थरथर कळत होती, पण ती चांगल्या गाडीलाही असते. सुनीता पाखडत होती. एकसारखी, शांत. मला हायसं वाटलं. काही झालेलं दिसत नाही.

तेवढ्यात ती थांबली. आणि तिनं सुपाला एक टिचकी मारली.

मी डोळे उघडले. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. अगदी तशीच टिचकी, तशाच बोटानं. मला वाटलं कौसानं हिला सांगून ठेवलंय.

"टापेट," मी म्हणलं.

इसाकभाईंचं तोंड उघडं राहिलं. "उस्ताद, मला तर बेरिंग वाटायलंय. लय जड ठोका हाय."

"तुमचा कान किती वर्षांचा, इसाकभाई?"

"बावन."

"माझा बहात्तर वर्षांचा हाय."

 त्या भल्या माणसानं टापेट सेट केले आणि जाताना बाळूला म्हणाला, "ते इंजिन मी आणखी चार दिवस ठेवतो."

"कशाला?" मी म्हणलं. "द्या कुणाला बी."

गाडी पुन्हा चालू केल्यावर बाळूनं माझ्या तोंडापुढं येऊन सांगितलं, "अण्णा, अजून वाजायलंय की."

"रुळंल. दोन खेपा होऊ दे."

"मला भरवसा वाटंना."

"तर मग मी चालवतो," मी म्हणलं. असं म्हणायची काहीच गरज नव्हती. पण माणूस एकदा खोटं बोलला की त्याला उगीच शौर्य चढतं.

दुसऱ्या दिवशी सोयाबीनची पोती भरली. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, नंबर लावायला बाळू मोटारसायकलवर पुढं गेला आणि मी एकटा ट्रक घेऊन परभणीला निघालो.

काय सांगू, इतका मान मला आयुष्यात मिळाला नव्हता. रस्त्यानं जो तो हात करत होता. शेतातल्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहून बघत होत्या. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून अर्धा बाहेर येऊन दोन्ही हात हलवले. मी त्याला सलाम ठोकला. मला वाटलं, बायको गेल्यावर म्हातारा पुन्हा गाडीवर बसला, लोकांना बरं वाटायलंय. झरीच्या अलीकडं एक वरात लागली. मी जवळ गेलो तसा बँड वाजायचा थांबला. नवरदेव घोड्यावरून माझ्याकडं बघत होता. मी मान लववून आशीर्वाद दिला आणि पुढं निघालो. (घोडं नवरदेवाला घेऊन ज्वारीत शिरलं, हे नंतर कळलं. ते लोक अजून बाळूशी बोलत नाहीत.)

झरी मागं पडली तेव्हा पायाखाली काहीतरी वेगळं लागायला लागलं. आधी थरथर होती, आता हादरे बसत होते. मी म्हणलं, रस्ता खराब आहे. रस्ता नवा होता.

परभणी जवळ आली. रस्त्याच्या कडेला इसाकभाईंचं गॅरेज आहे. तिथं ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. हातात पाना, मागं पाच-सहा माणसं. मी यायच्या कितीतरी आधी त्यांनी मला ऐकलं होतं आणि माझ्यासाठी चहासुद्धा सांगून ठेवला होता. मी हात केला. त्याच वेळी गाडीला खालून एक दणका बसला. मी सीटवरून उडालो, पुढची काच तेलानं काळी झाली आणि गाडी गॅरेजच्या दारात जाऊन उभी राहिली. स्वतःच्या पायानं दवाखान्यात यावं तशी.

मी खाली उतरलो. कनेक्टिंग राड तुटून इंजिनाच्या बाजूनं बाहेर आला होता. मूठ जाईल एवढं भोक. आता दुरुस्त करायचं की बदलायचं, हा प्रश्नच उरला नव्हता. इंजिनानं स्वतःच निकाल दिला होता.

इसाकभाई जवळ आले. "उस्ताद, तुमाला आवाज आला न्हाई?"

मी म्हणलं, "काय?"

त्यांनी पुन्हा विचारलं.

मी म्हणलं, "काय?"

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. माझा हात धरून मला बाकड्यावर बसवलं आणि चहा हातात दिला.

बाळू मोंढ्यातून आला तेव्हा मी सगळं सांगितलं. पेचकस, सूप, टिचक्या. बाळूचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याला काय करावं ते कळेना.

"म्हंजे दहा वर्षं लोकाच्या गाड्या कोण तपासत होतं?"

"तुझी माय."

कुणी काही बोललं नाही. म्हणजे बोललं असेल, पण कुणाचं तोंड हललेलं दिसलं नाही. मग इसाकभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि माझ्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हणाले, "त्या ट्रॅक्टरच्या वेळी मी अन् तुमी भांडलो होतो. मी म्हणलो पिस्टन, तुमी म्हणला बेरिंग. खोललं तर बेरिंग निघालं. ते बी वहिनीच?"

"ते बी."

"मग माझ्यापेक्षा मोठी मिस्त्री घरात बसून डाळ पाखडत होती म्हणा की."

मी मान हलवली. हे तिला सांगायला पाहिजे होतं, असं वाटलं. कुणाला तरी सांगायचं म्हणून मी घरी आल्यावर सुनीताला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला.

"म्हणून मला बसवलं व्हय? अवो मामा, सुपाच्या विणीत डाळीचा दाणा अडकला होता. तो टिचकीनं उडवला मी."

एका दाण्यापायी माझं इंजिन गेलं.

इसाकभाईंनी ते दुसरं इंजिन कुणालाच दिलेलं नव्हतं. चार दिवसांत बसवून दिलं. बाळूनं मला किंमत सांगितली. ती मला ऐकू आली नाही. बहिरेपणाचे काही फायदेही असतात.

मग बाळूनं मला परभणीला नेऊन कानाचं मशीन घेतलं. डॉक्टरीणबाईनं ते कानात बसवलं आणि मला पहिल्यांदा काय ऐकू आलं असेल, तर माझाच आवाज. मी इतक्या वर्षांत किती मोठ्यानं बोलत होतो, ते तेव्हा कळलं. घरी आलो. कोंबड्या ऐकू आल्या. भांडी ऐकू आली. सुनीता चुलीपाशी माझ्याबद्दल जे बोलते, तेही ऐकू आलं. ते इथं लिहीत नाही. उंबऱ्यापाशी जरा वेळ बसून बघितलं. तिथं काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी इसाकभाई आले. म्हणाले, "उस्ताद, आता खऱ्या कानानं ऐका अन् सांगा, इंजिन कसं हाय."

बाळूनं चावी फिरवली. मी पेचकस लावला, मूठ कानाला टेकवली, या वेळी दोन्ही डोळे मिटले आणि एवढा दचकलो की पेचकस हातातून सुटला.

"बंद कर, बंद कर," मी म्हणलं. "हे बी गेलंय. टापेट, बेरिंग, पिस्टन, सगळंच वाजायलंय."

इसाकभाईंनी माझ्याकडं बघितलं, बाळूकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "उस्ताद, कायच झालं न्हाई त्याला. चालू इंजिन असंच असतं."

तेव्हापासून कुणी गाडी दाखवायला आणली तर मी आधी मशीन काढून खिशात घालतो. ते कानात असलं की मला एकही इंजिन चांगलं वाटत नाही.