चार रात्रींचं सामान

एली गावच्या शाळेत अर्डिस कोस्केलाने सत्तावीस वर्षं पोरांसाठी स्वयंपाक केला. तिथली पातेली उचलून तिचे दंड सुतारासारखे झाले होते. दर फेब्रुवारीत ती आणि तिची नणंद लव्हॉन पाठीवर सॅक टाकून, गोठलेल्या तळ्यांवरून चालत, चार रात्री रानात राहायला जात. अर्डिसच्या नवऱ्याला थंडीचा तिटकारा. "माझी बहीण तू ने, घर मी राखतो," एवढंच तो म्हणे.

यंदा लव्हॉनच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन पाच महिने झाले होते. डॉक्टरांनी जाऊ दिलं, पण पंधरा पौंडांवर ओझं नको म्हणून बजावलं.

निघायच्या आदल्या सकाळी दोघी स्वयंपाकघरात सामान पसरून बसल्या. तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली झोपायची पिशवी, त्यावर कोरडे लोकरी मोजे, मग खाणं. चीज घरीच चिरलेलं, कारण रानात त्याचा दगड होतो. लव्हॉनचा फोन वाजला आणि ती बाहेरच्या खोलीत गेली. तेवढ्यात अर्डिसने तिच्या सॅकमधला स्टोव्ह, इंधनाची बाटली, करवत असं जड तेवढं आपल्या सॅकमध्ये सारलं.

लव्हॉनने परत येऊन आपली सॅक एका बोटावर उचलली.

"ही माझी, की चिमणीची?"

"तू आजारी होतीस."

"होते. आता नाहीये."

तिने खिळ्यावरचा मासे तोलायचा काटा काढला. तिची सॅक अकरा पौंड भरली, अर्डिसची बावन्न.

"रानात चाललीयेस की घर बदलतेयस?"

"मला झेपतं."

"गुडघ्याला विचारलंस का? जिना उतरताना कठडा धरतेस, ते मला दिसत नाही वाटतं?"

अर्डिसने ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. ती रागाने उठली, उगाच ओटा पुसला. मग पाठमोरीच म्हणाली, "तुला काही झालं तर मी कुणाबरोबर जाऊ?"

लव्हॉनने आपली सॅक जमिनीवर उपडी केली. "मग नीट भर," ती म्हणाली.

दोन्ही सॅका रिकाम्या झाल्या. चार रात्रींचं सामान दोघींना झेपेल एवढ्या वजनात बसेना. दोन रात्रींचंही बसेना. शेवटी एका रात्रीचं बसलं. लव्हॉनकडे बरोब्बर पंधरा पौंड, त्यात स्टोव्हही. तो तिने हट्टाने घेतला.

जवळच्या तळ्यापर्यंतच्या तीन मैलांना सारी सकाळ लागली. लव्हॉन दर थोड्या वेळाने थांबे. तिची सॅक मागायला अर्डिसचे हात शिवशिवत, पण ती ते खिशात कोंबून उभी राही. दुपारी तंबूपुढे लव्हॉनने स्टोव्ह पेटवून माशाचं सूप गरम केलं. दोघींनी ते भांड्यातूनच ओरपलं.

दुसऱ्या दिवशी दारात त्यांना बघून नवरा चकित झाला. "एवढ्यात आलात?"

"पोट भरलं," लव्हॉन म्हणाली आणि बूट काढायला खाली बसली.

पुढच्या फेब्रुवारीत त्या दोन रात्री राहिल्या.